किलोच्या नाही, चोखाच्या भावाने घ्या

वाचकाचं पत्र : नमस्कार. मी सेलू तालुक्यातल्या एका गावात शेती करतो. परभणीत आमच्या ओळखीचे एक भांड्यांचे व्यापारी आहेत, ते मोडही घेतात. त्यांच्याकडे जुन्या नाण्यांची एक पिशवी आली आहे. ‘वाडा पाडला तेव्हा निघाली’ एवढंच ते सांगतात. एकूण ८९ नाणी, तराजूवर १ किलो ७५ ग्रॅम. राणी छाप आणि राजा छाप रुपये आहेत, निजामाचे चारमिनारवाले हाली रुपये आहेत, बाकीची परदेशी. सात मोठी नाणी तर १७८० सालची आहेत! व्यापारी म्हणतात, सगळी पिशवी एकत्र घ्या, आजच्या चांदीच्या भावाने, वजनावर. सोयाबीनचे पैसे हातात आहेत. घ्यावीत का? घेतली तर निवडायची कशी आणि साफ कशाने करायची? बायको म्हणते, घेणारच असाल तर त्यातला एक रुपया मला महालक्ष्म्यांपुढे ठेवायला द्या. दोन्ही बाजूंचे फोटो सोबत पाठवले आहेत.

भाऊ, पिशवी चांगली आहे. घ्या, पण त्यांनी सांगितलेल्या भावाने घेऊ नका. सराफ्यात जो चांदीचा भाव निघतो तो चोख चांदीचा. चलनातलं नाणं सहसा चोख चांदीचं पाडत नसत. चोख चांदी मऊ, हातोहात फिरली की झिजते, म्हणून तिच्यात तांबं घालतात. किती घालायचं हे ज्या त्या राज्याने आपापल्या सोयीने ठरवलं, आणि युद्ध आलं, तिजोरी रिकामी झाली की चांदी आणखी कमी केली. त्यामुळे दोन नाणी दिसायला सारखी, वजनाला सारखी, पण चांदी एकात दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट, असं या पिशवीतच घडलेलं आहे.

तुमच्या राजा छाप रुपयांचंच बघा. फोटोत एकूण ३१ रुपये दिसतात. त्यातले १९ राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे. उरलेले १२ सहाव्या जॉर्जचे, सगळे १९४० ते १९४५ मधले. दोन्हींचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. पण पहिल्या १९ मध्ये शंभरात ९१.७ भाग चांदी, दर रुपयात १०.६९ ग्रॅम चोख. युद्ध सुरू झाल्यावर लोक रुपये घरात दडवू लागले, तेव्हा सरकारने १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली. त्या १२ मध्ये दर रुपयात चोख चांदी ५.८३ ग्रॅमच. व्यापाऱ्याच्या तराजूला हा फरक कळत नाही, साल वाचणाऱ्यालाच कळतो. १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी अजिबात नाही. तुमच्या पिशवीत तो नाही, पण पुढे कोणी राजा छाप म्हणून दाखवला तर ध्यानात असू द्या.

परदेशी नाण्यांत हाच प्रकार जास्त आहे. तुमच्याकडे अमेरिकेचे सात पाव डॉलर आहेत. त्यातले १९६४ पर्यंतचे चार नव्वद टक्के चांदीचे. १९६५ नंतरचे तीन तांबं-निकेलचे, कडेवर बघितलं तर मधोमध तांब्याची लाल रेघ दिसेल. इंग्लंडची दोन शिलिंगची सात नाणी आहेत. १९१९ पर्यंतच्या दोघांत साडेब्याण्णव टक्के चांदी, १९२० ते १९४६ मधल्या तिघांत निम्मी, आणि १९४७ नंतरच्या दोघांत काहीच नाही. पूर्व आफ्रिकेचे सिंहाचं चित्र असलेले आठ शिलिंग दिसायला ऐटदार, पण चांदी त्यांच्यात पावच. सगळ्यात जास्त फसवणारी म्हणजे मेक्सिकोचे ते पाच मोठे पेसो. एकेक १६ ग्रॅमचा, हातात घेतला की वाटतं केवढी ही चांदी. साल बघा, १९५७ ते १९६७ मधले आहेत. त्यात चांदी दहा टक्के. पाच मिळून ८० ग्रॅम वजन, चोख फक्त ८ ग्रॅम. व्यापाऱ्याच्या भावाने तुम्ही त्या ८० ग्रॅमचे पैसे मोजले असते.

मी तुमच्या फोटोंवरून सगळा हिशोब मांडला. पूर्ण चांदीचे १९ रुपये २०३ ग्रॅम चोख देतात, निम्म्या चांदीचे १२ देतात ७० ग्रॅम. हाली २४ आहेत, त्यांची २१९ ग्रॅम. १७८० वाल्या सात मोठ्या नाण्यांची १६४. पाव डॉलर आणि शिलिंग, सगळे धरून ७६, आणि पेसोंची ८. एकूण ७४० ग्रॅम. नाणी टांकसाळीतून निघाली तेव्हाचं त्यांचं वजन धरलं तर १ किलो ९० ग्रॅम भरायला हवं होतं. तुमचा तराजू १ किलो ७५ दाखवतो, म्हणजे १५ ग्रॅम झिजेत गेले. ती झीज धरून चोख चांदी ७३० ग्रॅमच्या आसपास समजा. व्यापारी तुमच्याकडून १०७५ ग्रॅमचे पैसे मागतोय. वरचे साडेतीनशे ग्रॅम तांबं आणि निकेल आहे.

त्याने मुद्दाम फसवलं असंही मी म्हणणार नाही. मोड घेणाऱ्यांतले कित्येक जण नाण्याचं साल वाचत नाहीत. कागदावर हा हिशोब लिहून न्या आणि शांतपणे त्याच्यापुढे ठेवा. मी स्वतः अशा मिश्र पिशवीला चोख वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पैसे देत नाही, कारण उद्या ही नाणी मोडायची वेळ आली तर सराफही गाळणीची घट धरूनच पैसे देईल. तो फारच अडून बसला तर सगळी पिशवी घेऊ नका. पेसो, १९६५ नंतरचे पाव डॉलर आणि १९४७ नंतरचे शिलिंग त्याच्याकडेच राहू द्या, बाकीचं मागा. एक मात्र करा, सोयाबीनच्या पैशातले पेरणीचे आणि घरखर्चाचे पैसे आधी वेगळे काढा. नाणी घाईत विकावी लागली की भाव पडतो, आणि पैशाची गरज नेमकी घाईतच येते.

पण पैशाच्या आधी त्याला एक प्रश्न विचारा. ‘वाडा पाडला तेव्हा निघाली’ म्हणजे नेमकी कुठून निघाली? घरच्यांच्या पेटीत, कपाटात, देव्हाऱ्यात होती आणि त्यांनी विकली, तर प्रश्न नाही. पण भिंतीतून, बळदातून, जोत्याखालून निघाली असतील तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत किंवा जमिनीला धरून असलेल्या बांधकामात दडवलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो दहाचा आकडा अजून तसाच आहे. आपल्याकडे जुने मातीचे वाडे, माळवदं रोज पडताहेत आणि भिंतीतून काहीतरी निघतंय, म्हणून हे स्पष्ट लिहितो. मूळ घरमालकाचं नाव, पत्ता, सही आणि नाण्यांची यादी अशी पावती मिळत असेल तरच पिशवी उचला. ती मिळत नसेल तर चोख चांदी अर्ध्या भावाने देऊ केली तरी घेऊ नका. यातली काही नाणी शंभर वर्षांहून जुनी आहेत, आणि पुरावस्तूंबाबतचा १९७२ चा कायदा अशी नाणी परदेशी पाठवू देत नाही. नेटवरून बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक आलं तरी पोस्टात टाकायची नाहीत.

आता ती १७८० वाली. हे ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचे थेलर आहेत. राणी १७८० मध्ये वारली, पण तिचं नाणं तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, येमेनात आणि इथिओपियात इतकं विश्वासाचं झालं की लोक दुसरं घेईनात. म्हणून पुढची दीडशे-दोनशे वर्षं तेच साल, तोच चेहरा घालून ते पाडत राहिले. व्हिएन्नात पाडले, लंडनमध्ये पाडले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडले. तेव्हा त्यावरचं साल त्याचं वय सांगत नाही, आणि ‘अडीचशे वर्षांचं नाणं’ म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल तर देऊ नका. चांदी मात्र चांगली आहे. एकेक २८.०७ ग्रॅमचा, शंभरात ८३.३ भाग चांदी, म्हणजे २३.३९ ग्रॅम चोख. माझ्या मते या पिशवीतली सगळ्यात भरवशाची नाणी हीच.

परभणीच्या वाड्यात हे थेलर आले कसे, याचा मला अंदाज आहे. निजामाच्या फौजेत येमेनातल्या हद्रमौतहून आलेले अरब होते. त्यांचे वंशज चाऊस म्हणून आजही जालना, परभणी, नांदेडकडे आहेत. हद्रमौतात चालणारं नाणं हेच. एखाद्या घरात ते तिकडून आलं असेल आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलं असेल. घरमालकाचं नाव मिळालं तर हे त्यांना जरूर विचारा आणि यादीच्या वहीत लिहून ठेवा. नाण्याचं वजन कोणीही करील, ते कोणाच्या घरातून आलं हे एकदा हरवलं की परत मिळत नाही.

हालीबद्दल मला थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण ते आपलं नाणं आहे. आजी-आजोबांच्या तोंडी ‘हाली का कलदार?’ हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. हाली निजामाचा, कलदार इंग्रजांचा, आणि सात हालीला सहा कलदार असा हिशोब. तो फरक उगाच नव्हता. हाली ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात चांदी शंभरात ८१.८ भाग, म्हणजे वजनाने आणि टंचाने, म्हणजे शुद्धतेने, दोन्हीकडून कलदारपेक्षा उतरता. दुसऱ्या महायुद्धातले हाली आणखी उतरले, निम्म्या चांदीचे झाले. तुमचे २४ त्याच्या आधीचे आहेत.

भिंग घ्या आणि चारमिनारची मधली कमान बघा. तिच्यात एकच छोटं अक्षर आहे. ते ‘मीम’ असेल तर नाणं सहाव्या निजामाचं, मीर महबूब अली खानांचं. ‘ऐन’ असेल तर सातव्याचं, उस्मान अली खानांचं. मीम म्हणजे छोटी गोल गाठ आणि खाली उतरलेली शेपटी. ऐन उजव्या बाजूला उघडा, आरशातल्या ३ सारखा. तुमच्या २४ पैकी दोनांत मला फोटोतून मीम असल्यासारखं वाटतं. ते दोन वेगळे काढा. साल हिजरीत असतं. अरबी आकड्यांत पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, सात वर उघडा आणि आठ तोच उलटा, हे चार लक्षात राहिले की बाकीचे आपोआप लागतात. हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १३४३ चं उत्तर १९२४-२५ येतं.

रुपयांत जुनं म्हणजे महाग हा समज सोडा. राणी छापवर १८६२ बघून लोक हरखतात, पण ते साल बदलायचंच नाही असं ठरवून पुढे कित्येक वर्षं तेच ठोकत राहिले, म्हणून १८६२ सगळ्यात जास्त मिळतो. शोधायचा तो पाचव्या जॉर्जचा १९११ चा. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट केला. तुमच्या दहा पाचव्या जॉर्जमध्ये एकाचं साल फोटोत पुसट आहे, ते उजेडात बघा. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया फार दुर्मीळ, आणि म्हणूनच बाजारात दिसणारे बरेचसे खोटे. कोणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका.

खरं-खोटं तपासायला आम्ही आधी नाणं वाजवून घेतो. बोटाच्या टोकावर ठेवून दुसऱ्या नाण्याने हलकेच टोला द्या. चांदी बराच वेळ घुमते, शिसं आणि गिलट थप्प करतं. फरशीवर आपटू नका, कड दबते. मग जोरदार लोहचुंबक लावा. चिकटलं तर ते चांदीचं नाही. न चिकटलं म्हणून मात्र खरं ठरत नाही, कारण तांबं-निकेलचं खोटंही बहुधा चिकटत नाही.

पक्की परीक्षा पाण्याची. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला दोरा बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा, तळाला आणि काठाला लागू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवील त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. पूर्ण चांदीच्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवील आणि भागाकार १०.३ येईल. निम्म्या चांदीच्याला १.२१-१.२२, भागाकार ९.५ ते ९.७. थेलरला २.७५ यायला हवा. तोच ३.१५ कडे गेला तर तो तांबं-निकेलचा. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा चुकतो, तो बोटाने काढून पुन्हा बघा. सातही थेलर असे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. व्यापाऱ्याच्या दुकानातच करा, पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि खरा माल असेल तर त्यालाही आवडेल.

राहिला साफसफाईचा प्रश्न. साफ करू नका. चिंच नको, रांगोळी नको, राख नको, टूथपेस्ट नको, सराफाकडचं पाणीही नको. हे मी सोसून लिहितो. माझ्याकडे हालींचा पहिला डबा आला तेव्हा मी ते रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवले आणि सकाळी रांगोळीने घासले. त्यात महबूब अली खानांचा एक रुपया होता, कमानीतला मीम काल कोरल्यासारखा, अक्षरांच्या कडा टोकदार, काळसर निळी झाक चढलेली. घासून तो पांढराफेक झाला आणि मी खूश होतो. काही महिन्यांनी एका जाणकाराला दाखवला. त्यांनी तो खिडकीपाशी तिरका धरला आणि मला भिंगातून बघायला लावलं. चारमिनारच्या चारी मिनारांवरून, मीमवरून, सगळ्या मैदानावरून केसाएवढे बारीक ओरखडे एकाच दिशेने गेले होते. ते म्हणाले, आता हा मोडीचा. ती काळी झाक चांदीची मळ नव्हती, शंभर वर्षांत तिच्यावर आपोआप चढलेली साय होती. तो रुपया मी अजून जवळ ठेवला आहे आणि त्याच्याकडे बघून अजूनही वाईट वाटतं.

माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा, सुती कपड्याने टिपून घ्या, पुसू नका. नाणं कडेने धरा, चेहऱ्यावर बोट टेकवायचं नाही. निवडायला बसाल तेव्हा दिवसा, ढाळजेत किंवा ओसरीवर, चटईवर पांढरं सुती धोतर अंथरून बसा, आणि राजा, टंच, साल अशा क्रमाने ढिगाऱ्या करा. प्रत्येकाचं वजन वहीत लिहा. मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो. साध्या पांढऱ्या कागदाच्या पुड्या त्यापेक्षा बऱ्या, आणि नाण्यांसाठी मिळणाऱ्या चौकोनी पुठ्ठ्याच्या चौकटी सगळ्यात बऱ्या.

वहिनींचा रुपया फोटोतच सापडला. तिसऱ्या ओळीतल्या तीन हालींच्या वरच्या कडेला डाखाचा, म्हणजे सांधा जोडल्याचा, डाग आहे. कोणी तरी कड्या लावून गळ्यात घातले होते, नंतर कड्या काढल्या. डाख लागलेलं नाणं संग्राहक घेत नाहीत, आणि डाखामुळे पाण्याच्या परीक्षेतही आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून हे तीन घेताना मोडीच्या भावानेच घ्या. त्यातला सगळ्यात स्वच्छ चारमिनारवाला वहिनींना द्या. त्याला हळद-कुंकू लागलं, पंचामृत लागलं तरी काही बिघडत नाही. महालक्ष्म्या उठल्या की साध्या पाण्याने धुऊन, टिपून देव्हाऱ्यात ठेवा. दुधा-दह्याचा अंश राहिला तर पुढच्या वर्षीपर्यंत हिरवा डाग धरील, तेवढं बघा.